आर्थिक भार : निरंक

ते पत्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्यावर तीन शेरे होते. पहिला ‘तपासून सादर करावे’, दुसरा ‘कृ. चर्चा’ (कृपया चर्चा करावी), आणि तिसरा नुसताच हिरव्या शाईतला बाण. तो बाण माझ्या पदनामावर येऊन थांबला होता.

पत्र जपानमधल्या एका प्रीफेक्चरचं होतं. प्रीफेक्चर म्हणजे त्यांचा प्रांत. असे ४७ आहेत. कोणतं ते सांगत नाही, कारण करार अजून चालू आहे आणि मी लिहिणार आहे ते सगळंच कौतुकाचं नाही. आमच्या विभागाचं नावही झाकूनच ठेवतो. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो आणि आता निवृत्त आहे, एवढी ओळख पुरे. फळप्रक्रिया, पर्यटन आणि विद्यार्थ्यांची देवाणघेवाण या तीन विषयांत महाराष्ट्राशी मैत्रीचा करार करायला आवडेल, असं पत्रात म्हटलं होतं. माझ्याकडे तोवर पासपोर्टसुद्धा नव्हता.

आमच्याकडे नवं काम आलं की ‘हे कसं करायचं’ असं कोणी विचारत नाही. ‘आधी कोणी केलंय का’ असं विचारतात. म्हणून पहिले पंधरा दिवस पूर्वोदाहरणं शोधण्यात गेले. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरं आहेत, मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून. पण ते महापालिकेचं काम. शहराचा करार राज्याला चालत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, २००६ साली खुलं झालं. तेही महापालिकेचंच. त्या बागेत मी मुलांना घेऊन कितीतरी वेळा गेलो असेन, पण तिच्यामागे कुठल्या तरी कार्यालयात एक नस्ती, म्हणजे फाइल, फिरली असेल, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी वाकायामा सापडलं. महाराष्ट्राने त्या प्रीफेक्चरशी २०१३ मध्ये सामंजस्य करार केला होता. वाकायामा म्हणजे उमे नावाच्या आंबट फळाचा आणि संत्र्यांचा मुलूख, आणि कोयासान हे बौद्ध धर्मपीठही तिथलंच. इकडे अजिंठा, तिकडे कोयासान, अशी जोडी जमली होती. त्याच धाग्यावर सप्टेंबर २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, मुख्यमंत्री स्वतः गेले होते. पूर्वोदाहरण मिळालं म्हटल्यावर माझ्या वरच्या तिन्ही साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ‘वाकायामाच्या धर्तीवर’ हे दोन शब्द मी पुढच्या प्रत्येक टिपणीत घातले.

मग दुसरा प्रश्न आला, खरा प्रश्न. राज्याला असा करार करता येतो का?

नस्ती विधी व न्याय विभागाकडे अनौपचारिक संदर्भावर गेली. तिथल्या एका अधिकाऱ्याने मला समोर बसवून राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडून दाखवली. संघ सूची, नोंद १०, परराष्ट्र व्यवहार. नोंद १४, परदेशांशी तह आणि करार. नोंद ४१, परदेशांशी व्यापार आणि आयात-निर्यात. तिन्हींखाली बोट फिरवून ते म्हणाले, “यातलं काहीही तुमचं नाही.” मग पान उलटून राज्य सूचीवर आले. “शेती तुमची. उद्योग बऱ्यापैकी तुमचे. तेव्हा मैत्री करा, पण तहासारखी दिसेल अशी करू नका.”

जर्मनीत तसं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तिथल्या मूलभूत कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे घटक राज्यांना आपल्या विषयांपुरते परदेशांशी करार करता येतात, फक्त केंद्राची संमती घ्यावी लागते. आपल्याकडची रेघ किती जाड आहे ते निवृत्तीनंतर टीव्हीवर पाहिलं. जुलै २०२४ मध्ये केरळने ‘बाह्य सहकार्या’साठी एक सचिव नेमल्यावर परराष्ट्र मंत्रालयाने त्या राज्याला हीच नोंद १० ऐकवली. बातमी संपेपर्यंत मी जेवणाच्या ताटावर तसाच बसून होतो. सौ. म्हणाली, केरळात तुमचं काय अडलंय?

तर करार तहासारखा दिसू नये म्हणून काय करायचं, ते मी तीन महिन्यांत शिकलो. इंग्रजी मसुद्यातला बंधनकारक वाटणारा ‘शॅल’ काढायचा आणि ‘विल’ घालायचा. ‘विल’ही जड वाटला तर ‘प्रयत्न करतील’. ‘पक्षकार’ हा शब्द टाळायचा, ‘दोन्ही बाजू’ म्हणायचं. शेवटी एक परिच्छेद असा की या दस्तऐवजामुळे कोणावरही कायदेशीर बंधन येत नाही, प्रत्येकाने आपापला खर्च करायचा, आणि कोणालाही सहा महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडता येईल. मराठी मसुदा मी स्वतः केला. पहिल्या खर्ड्यात ‘दोन्ही बाजू फळप्रक्रियेत सहकार्य करतील’ असं साधं वाक्य होतं. वरून फिरून आलं तेव्हा ते असं झालं होतं: ‘दोन्ही बाजू आपापल्या देशांतील प्रचलित कायदे व नियमांच्या अधीन राहून, परस्परांच्या हिताच्या दृष्टीने, फळप्रक्रिया क्षेत्रातील सहकार्याच्या शक्यता पडताळून पाहण्याचा प्रयत्न करतील.’ मी ते मोठ्याने वाचलं. शेजारच्या टेबलावरचा सहायक म्हणाला, “साहेब, एवढ्यात आमचं लग्न ठरलं होतं.”

फळप्रक्रियेवरून आठवलं. आमच्याकडच्या प्रत्येक वरिष्ठाला वाटत होतं की करार झाला की हापूस धडाधड जपानला जाणार. एका बैठकीत तर कोकणातल्या किती बागायतदारांना फायदा होईल याचा आकडा मागितला गेला. मी त्या आंब्याच्या मागे लागलो आणि या सगळ्या कामात मला खरं शहाणपण तिथे आलं.

फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला होता. तो पुन्हा सुरू झाला २००६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. आणि तो सुरू झाला तो कुठल्याही राज्याच्या मैत्रीमुळे नव्हे. दिल्लीतल्या आणि टोकियोतल्या कृषी खात्यांच्या शास्त्रज्ञांनी एक प्रक्रिया ठरवली, तिच्यामुळे. आंबा बंद कक्षात ठेवून गरम वाफेने तापवायचा. गराचं तापमान ४७.५ अंशांवर गेलं की तिथे २० मिनिटं टिकवायचं. अंडी-अळी मरते, आंबा शिजत नाही. व्यापारी याला नुसतं ‘व्हीएचटी’ (व्हेपर हीट ट्रीटमेंट) म्हणतात. वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात ही सोय आहे. हंगामात जपानहून त्यांचा निरीक्षक येतो आणि त्याच्या देखरेखीखाली माल निघतो.

मी एप्रिलमध्ये वाशीला जाऊन आलो. जावंच लागेल असं काही नव्हतं, मला पाहायचं होतं. कक्षाच्या काचेतून क्रेटमध्ये मांडलेले आंबे दिसत होते आणि त्यांतल्या काहींच्या पोटात बारीक वायरीचे सेन्सर खुपसलेले होते, आयसीयूतल्या पेशंटसारखे. बाहेर एका पडद्यावर प्रत्येक सेन्सरचा आकडा. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं की सगळ्यांत मोठा आंबा सगळ्यांत शेवटी तापतो, म्हणून घड्याळ त्याच्यावर लावतात. एक अंश इकडे-तिकडे झाला तर एक तर माशी जगते, नाही तर गर बिघडतो. मी परत आलो आणि टिपणीत लिहिलं की आंब्याच्या निर्यातीवर या कराराचा थेट परिणाम अपेक्षित नाही. ते वाक्य वरून खोडून आलं. मी पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा खोडलं नाही, फक्त बाजूला पेन्सिलीने ‘पाहिले’ असं आलं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती अजून आठवली की कान गरम होतात. प्रीफेक्चरच्या प्रमुखाला इंग्रजीत ‘गव्हर्नर’ म्हणतात. माझ्या सहायकाने टिपणीत ‘मा. राज्यपाल महोदय मुंबईत येऊन करारावर स्वाक्षरी करतील’ असं लिहिलं आणि मी न वाचता पुढे ढकललं. राज्यपाल म्हणजे आपल्याकडे आपलेच. उपसचिवांचा फोन आला. “अहो, राज्यपाल मुंबईतच असतात, ते कुठून येणार? आणि ते सही कशाला करतील?” तोवर कोणी तरी राजभवनाला कळवायच्या पत्राचा खर्डाही करून ठेवला होता. तो मी फाडला.

पुढच्या बैठकीला पुण्याहून आलेल्या दुभाषी बाईंनी सगळं नीट समजावलं. जपानीत त्या पदाला ‘चिजी’ म्हणतात. तो थेट लोकांच्या मतांनी चार वर्षांसाठी निवडून येतो आणि प्रांताचा कारभार तोच चालवतो. म्हणजे आपल्या हिशेबात तो मुख्यमंत्री. राजशिष्टाचाराच्या दृष्टीने हा फरक बारीक नाही. कोणाच्या शेजारी कोणाची खुर्ची, विमानतळावर कोणी जायचं, पुष्पगुच्छ कोणी द्यायचा, सगळं त्यावरून ठरतं. त्या दिवसापासून नस्तीत ‘प्रीफेक्चरचे निर्वाचित प्रमुख’ असा शब्द चालू झाला. गंमत अशी की या सगळ्याचा शासन निर्णय निघाला तेव्हा त्याच्या तळाशी नेहमीप्रमाणे ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे होतंच. शेवटी राज्यपाल आलेच.

मसुदा परराष्ट्र मंत्रालयाकडे गेला. राज्यांसाठी तिथे २०१४ पासून वेगळा कक्ष आहे, त्यामुळे कोणाला लिहायचं ते तरी ठाऊक होतं. वेळ गेला तो आमच्यामुळे. जपानी प्रत जोडायची राहिली होती. मंजुरीबरोबर सूचनाही आल्या, त्यातली एक नकाशांबद्दल होती. पाहुण्यांच्या सादरीकरणात भारताचा नकाशा असेल तर तो आधी पाहून घ्यावा. मी पाहिला. काश्मीरला तुटक रेघ होती. दुभाषी बाईंनी इतक्या हळुवार शब्दांत मेल लिहिली की समोरच्यांनी नकाशाच काढून टाकला आणि त्याजागी हापूस आंब्याचं चित्र घातलं.

वित्त विभागाच्या सहमतीचं पान मात्र मला सगळ्यांत महाग पडलं, आणि ते तेव्हा कळलं नाही. प्रश्न एकाच ओळीचा असतो: प्रस्तावामुळे शासनावर आर्थिक भार येणार आहे काय? भार येणार म्हटलं की किती, कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली), तरतूद आहे का, पुरवणी मागणी करणार का, असा महिनोन्‌महिन्यांचा रस्ता लागतो. जुन्या जाणत्यांनी मला सांगितलं, “निरंक लिही आणि मोकळा हो.” मी ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही, असं लिहिलं. सहमती आठ दिवसांत आली. मला वाटलं, केवढी हुशारी केली.

सहीचा दिवस उजाडला. अशा कराराच्या प्रती दोन असतात, आणि प्रत्येक बाजू स्वतःकडे ठेवायच्या प्रतीत आपलं नाव आधी आणि आपली सही डाव्या बाजूला ठेवते. आमच्या करारात मराठी, जपानी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा होत्या. अर्थात मतभेद झाला तर इंग्रजी ग्राह्य. दोन जाड फोल्डर, एक तांबडं, एक निळं. टेबल आवरणाऱ्या मुलाने कपडा सरळ करताना फोल्डर उचलले आणि परत ठेवताना अदलाबदल केली. पाहुणे सही करायला वाकले आणि थांबले. एक सेकंद. मग त्यांच्या शिष्टमंडळातला एक चष्मेवाला, साधारण माझ्याच हुद्द्याचा गृहस्थ, मागून पुढे आला आणि आपल्या मालकाच्या पुढ्यातलं फोल्डर दोन्ही हातांनी उचलून पलीकडे सरकवू लागला. मीही तेच करत होतो. टेबलाच्या मधोमध आमची दोघांची फोल्डरं एकमेकांवर आपटली. कॅमेरे चालू होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या फोटोत दोन मोठी माणसं हसताना दिसतात आणि मधे दोन कोपरं. त्यातलं डावं माझं.

भाषणं लांबली. ज्यांनी वेळापत्रक केलं (म्हणजे मी) त्यांनी एक गोष्ट धरली नव्हती: दुभाषी असली की बारा मिनिटांचं भाषण चोवीस मिनिटांचं होतं.

संध्याकाळी तो चष्मेवाला मला शोधत आला. दुभाषी बाई निघून गेल्या होत्या. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. त्याने दोन्ही हातांनी कार्ड दिलं, मी एका हाताने घेतलं आणि मग लाज वाटून दुसरा हात लावला. तो त्यांच्या आंतरराष्ट्रीय विभागात तीन वर्षं होता. मार्चअखेरीस काम फार, असं म्हणाला. मी विचारलं, तुमचंही आर्थिक वर्ष एक एप्रिललाच सुरू होतं? हो म्हणाला. आणि बदल्याही एक एप्रिललाच होतात. मी हसलो. आमच्याकडे बदल्यांच्या कायद्याप्रमाणे त्या एप्रिल-मे महिन्यांत होतात.

तेव्हा हसलो, पण त्याचा अर्थ पुढच्या वर्षी कळला. एप्रिलमध्ये त्याची बदली पाणीपुरवठ्याकडे झाली आणि मे महिन्यात माझी दुसऱ्या विभागात. करार ज्या दोघांना तोंडपाठ होता ते दोघं सहा आठवड्यांच्या आत आपापल्या खुर्चीवरून उठले. माझ्या जागी आलेल्यांकडे आणखी अकरा विषय होते. जपानहून एक पत्र आलं, विद्यार्थ्यांच्या गटाबद्दल, जपानीत. इंग्रजी प्रत मागून येणार होती, ती आली नाही. पत्राचं भाषांतर करून घ्यायचं तर दुभाषीचं मानधन द्यायचं, आणि मानधन द्यायला लेखाशीर्ष नाही. का नाही? कारण आर्थिक भार निरंक. मीच लिहिलेलं होतं, माझ्या सहीने. दोन-तीन हजार रुपयांच्या कामासाठी ते पत्र चार महिने नस्तीत पडून राहिलं असं नंतर ऐकलं. शेवटी कोणाच्या तरी भाचीने, जी जपानी शिकत होती, फुकट करून दिलं. तोवर त्यांचं सत्र सुरू होऊन गेलं होतं.

मग करोना आला आणि सगळ्यांनाच कारण मिळालं.

हल्ली अशा करारांच्या बातम्या वाढल्या आहेत. दर वेळी सहीचा फोटो पाहतो आणि मी मात्र खालच्या ओळीत मनुष्यबळ आणि पैसे शोधतो. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला १० हजार कुशल माणसं पुरवण्याचा पथदर्शी प्रकल्प महाराष्ट्राने २०२४ मध्ये हाती घेतला, तेव्हा शासन निर्णय काढून वाचला. जर्मन भाषेचं प्रशिक्षण कोण देणार, त्याचा खर्च कोण करणार, हे त्यात लिहिलेलं होतं. पुढे काय होतं ते होवो, पण ‘निरंक’ लिहून मोकळं होण्यापेक्षा हे बरं, असं मला त्या रात्री जाणवलं.

आमच्या कराराची मुदत पाच वर्षांची होती. ती संपायला आली तेव्हा मी निवृत्त होऊन घरी होतो. दुपारी फोन आला. माझ्या त्या जुन्या टेबलावर आता एक तरुण मॅडम आहेत.

“सर, मुदतवाढीचा प्रस्ताव करायचाय. नस्तीत तिकडचा जो मेल पत्ता आहे तो परत येतोय. कोणाला लिहायचं?”

मी म्हटलं, “पाच मिनिटं द्या.”

कपाटात कार्डांचा डबा आहे. चष्मेवाल्याचं कार्ड सापडलं. त्याच्या मागे मी पेन्सिलीने त्याचा खासगी मेल लिहून ठेवला होता. दर जानेवारीला त्याचं नववर्षाचं पोस्टकार्ड येतं, छापील, खाली हाताने इंग्रजीत एक ओळ. मी एकदाच उत्तर दिलं होतं, त्याची खंत होती. मॅडमना पत्ता दिला आणि मीही माझ्या मोबाइलवरून चार ओळी लिहिल्या: मी अमुक, फोल्डरवाला, आठवतं का.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत उत्तर आलेलं. तो अजून पाणीपुरवठ्यातच आहे. फोल्डर आठवतं, असं आधी लिहिलं होतं. मग कामाचं, की हा विषय आता आमच्याकडे या बाई पाहतात, आणि सीसीमध्ये एक नाव. मी मॅडमना फोन केला आणि ते नाव अक्षर-अक्षर सांगितलं. त्यांनी कीबोर्डवर टाइप केल्याचा आवाज येत होता.

“नस्तीत टाकलं, सर.”

“नस्तीत टाकलंत ते ठीक. तुमच्या स्वतःच्या वहीतही लिहून ठेवा. आणि मॅडम, वित्तकडे जाणाऱ्या पानावर काय लिहिलंय?”

त्या क्षणभर गप्प झाल्या. “अजून लिहिलं नाही, सर. मागच्या वेळेसारखंच करणार होते.”

“भाषांतराचे पैसे धरा,” मी म्हटलं. “पन्नास हजार का होईना, पण धरा.”

“मग सहमतीला दोन महिने लागतील, सर.”

“लागू देत,” मी म्हटलं.